सकाळची गळती

१

पाहुण्यांच्या देखत हिरवी चमक मावळली, तेव्हा आधी सगळ्यांनी यंत्राकडे बघितलं. वायर निघाली असेल, दिवा गेला असेल. चिमणीनं दुसरा नमुना घातला, तोही मावळला. तिसरा घातला तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एक गृहस्थ उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

चिमणी म्हणजे त्या प्रयोगशाळेतली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. चण बारीक, आवाज त्याहून बारीक, म्हणून चिमणी. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. ती चरबीचे बुडबुडे बनवायची, डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येकाच्या पोटात एक रंग भरलेला, निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा. बाहेरच्या पाण्यात आम्ल टाकायचं. आम्लातले प्रोटॉन चरबीच्या पडद्यातून आत शिरले की चमक मावळते, नाही शिरले तर टिकते. पुस्तकं सांगतात की हा पडदा प्रोटॉनच्या बाबतीत मुळातच गळका असतो. चिमणीचं म्हणणं, पडद्यावर उगाच आळ घेतलाय; चरबी नीट शुद्ध केली तर थेंबभरही गळत नाही. वर्षभर तिची चमक टिकली होती. नेमक्या प्रदर्शनाच्या दिवशी तिनं दगा दिला, आणि पुढे रोज देत राहिली.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की तेच बुडबुडे दादानं तपासले की मजेत चमकत राहायचे. दादा तिथला सगळ्यात जुना संशोधक, हाताला यश असलेला. मग लोक काय म्हणणार? पोरीनं वर्षभर आकडे मनानंच लिहिले आणि वेळ आली तेव्हा तोंडावर पडली, असंच म्हणाले. शुक्रवारी समिती बसणार होती. तिचं नाव कमी करायचं, एवढाच विषय. एकदा खोटेपणाचा शिक्का बसला की दुसरी कुठलीही प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती.

चिमणीनं हिंमत करून अर्ज दिला, की कोणीतरी मुद्दाम घात करतंय, बाहेरच्या माणसाकडून चौकशी करा. संस्थेला पोलिसांचा बभ्रा नको होता. तोडगा काढला तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनीच. त्यांची थोरली बहीण पोलिसात फौजदार होती, आता निवृत्त. तिला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे ती कोणाची बाजू घेणार नाही.

सगळ्यांना ते पटलं. फौजदारबाईंना मात्र फारसं पटलं नव्हतं. "काही न कळणारा तपासनीस कोणाला हवा असतो, ते मला नोकरीत चांगलं कळलंय, छोट्या," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. सर खळखळून हसले होते. आई लवकर गेल्यावर बाईंनीच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांचं हसू बाईंच्या ओळखीचं होतं. या वेळी ते जरा लांबलं, एवढंच.

२

गुडघेदुखीची पिशवीभर औषधं घेऊन बाई भावाच्या घरी उतरल्या. सकाळी उठून बघतात तर भाऊ केव्हाच कामाला निघून गेलेला.

भावजय कपडे भिजवत होती. "वन्सं, हल्ली फार लवकर जातात हो हे. शेवटचं वर्ष राहिलंय निवृत्तीला, म्हणून असेल. आणि तुम्ही पोलिसातल्या ना, मग आधी ह्यांच्या रुमालांचा तपास लावा. पांढराशुभ्र देते, किंचित मळका परत येतो, आणि साबणाच्या पाण्यात बुडवला की पिवळाधमक. नवऱ्याच्या खिशात पिवळं काय असावं या वयात?"

बाई हसल्या. संसारात असले गुन्हे रोजच घडतात, असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्यांदा चिमणीला गाठलं. सामानाच्या खोलीत, दार लावून. पोरगी बोलायला लागली की रडायची आणि रडायला लागली की माफी मागायची, त्यामुळे वेळ लागला. पण तिनं सांगितलं ते नीट होतं. प्रदर्शन फसल्यावर तिनं नवी चरबी आणली, नव्या बाटल्या फोडल्या, सगळं कुलपात ठेवलं. मोजणीचं काचेचं भांडं आणि त्याचं काळं रबरी झाकण दोन्ही तिची स्वतःची. झाकणावर तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, म्हणजे अदलाबदल नको. रोज घरी जाताना दोन्ही शुद्ध पाण्यानं खळबळून फळीवर पालथी घालायची.

"साबण नाही लावत?" बाईंनी विचारलं.

नाही, ती म्हणाली. साबण नाही, स्पिरिट नाही. बुडबुड्यांच्या भांड्यांना पाण्याशिवाय काही लावायचं नाही, हा सरांचा पहिल्यापासूनचा दंडक. चरबीला परका वासही सहन होत नाही म्हणे.

बाईंनी प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल विचारलं. त्या दिवशी काही वेगळं केलंस का? चिमणीला पहिल्यांदा हसू आलं. त्या दिवशी सगळं नेहमीसारखंच होतं, फक्त झाकण सरांचं होतं. प्रयोगशाळेची रीतच होती ती. सरांच्या खोलीत काचेच्या पेटीत त्यांचं तरुणपणीचं भांडं ठेवलेलं. ज्या भांड्यात त्यांनी मोठा शोध लावला, ते. कोणाही विद्यार्थ्याचा मोठा दिवस आला की सर पेटी उघडून त्याचं झाकण काढून देत, आशीर्वाद म्हणून. प्रयोग झाला की झाकण परत पेटीत. बाकीच्यांनी ते नुसतं टेबलावर ठेवलं होतं, कारण त्यांची भांडी वेगळ्या मापाची. चिमणीच्या भांड्याला मात्र ते चपखल बसलं. सरांना केवढा आनंद झाला होता.

"आणि एक सांगू का, बाई?" ती दबकत म्हणाली. "सकाळचा पहिला प्रयोग सगळ्यात जास्त गळतो. मग दिवसभर कमी कमी होत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यासारखं. मी हे सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, बुडबुड्यांना पण सोमवार सकाळ नको असते."

बाईंना हसू आलं नाही. एवढी वर्षं त्यांनी चोर पाहिले होते. बरेचसे वेळापत्रकाचे पक्के असत.

३

दादाला भेटल्याबरोबर बाईंना तो आवडला नाही. फार गोड बोलायचा. खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला, आणि चिमणीबद्दल इतक्या कळवळ्यानं बोलला की ती दोषी आहे असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटावं. बिचारी हुशार आहे, पण घाईत असते. शिवाय तिचं म्हणणं सरांच्या जुन्या शोधाच्या विरुद्ध जातं. पडदा मुळात गळका असतो, हे सरांनीच तर जगाला दाखवलं. पण सर मोठ्या मनाचे. त्यांनी तिला अडवलं नाही, उलट पाठ थोपटली.

बाईंनी सरळ विचारलं, की चांगला पडदा गळायला लावायचा असेल तर तू काय करशील.

उठून त्यानं कपाटातून एक छोटी बाटली काढली. आत पिवळी पूड. प्रयोगशाळेत तिला नुसतंच पिवळी म्हणत. दादाच्या कामात ती रोज लागायची.

"हे एक सौम्य आम्ल आहे, मॅडम. म्हणजे असं आम्ल, की जे आपला प्रोटॉन घट्ट धरूनही ठेवत नाही आणि कायमचा सोडूनही देत नाही. प्रोटॉन हा विद्युतभार असलेला आयन. एकट्यानं चरबीतून जायची त्याची टाप नाही. पण हिच्या अंगावर बसला की दोघांचा भार फिटतो आणि जोडी चरबीत सहज विरघळते. पलीकडे गेली की ही त्याला उतरवते, आणि रिकामीच परत येते."

"रिकामी आलेली चालते? तिच्यावर भार नसतो तेव्हा?"

"असतो ना. पण ही एवढी तेलकट आहे, की भार असूनही चरबीतून निसटते. तीच तर तिची खुबी. हमालासारखी. चिमूटभर असली तरी पुरते, कारण ती संपत नाही, फेऱ्या मारत राहते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पडदाच फाटलाय."

बाईंनी आणखी विचारलं. पाण्यानं धुतली तर जाते का? दादानं मान हलवली. हातावरची जाते, पण रबरात शिरली की पाण्याला दाद देत नाही. तेलकट स्वभाव, रबरात जाऊन बसते आणि चरबी दिसली की बाहेर येते. म्हणून तो काहीही वापरण्याआधी स्पिरिटनं धुतो. सवयच आहे. रोज संध्याकाळी तपासणीसाठी चिमणीचं भांडं घेतलं तरी आधी भांडं आणि झाकण स्पिरिटनं धुऊन घेतो. तिच्या देखत नाही, सरांचा दंडक मोडला म्हणून ती घाबरते.

"रंगाचं काय?"

आम्लात फिकी पडते, तो म्हणाला. साबणासारख्या क्षारात गेली की गडद पिवळी.

बाईंचा हात पिशवीतल्या औषधाच्या डबीवर तसाच राहिला. त्यांना काहीतरी आठवलं, आणि ते आठवायला नको होतं असं वाटलं. तेवढ्यात दादानं बाटली उजेडात धरली. त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा क्षणात उतरला.

"ही मी नुकतीच उघडली होती," तो म्हणाला. "निम्मी कोणी नेली?"

४

संशय घ्यायला आता माणसांची कमतरता नव्हती. बाटली दादाची. कपाटाला कुलूप नाही. शिवाय होते यंत्रं सांभाळणारे काका, ज्यांचं आणि चिमणीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ते वेळेवर दार उघडत नाहीत, अशी तिनं मागे तक्रार केली होती.

काकांनी कानावर हात ठेवले. आपण वेळेवर येतो, आपल्या हातानं दार उघडतो, आपल्या आधी तिथे चिटपाखरू नसतं, असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. काका आले ते टपरीवरच. वर्तमानपत्र उघडून आरामात बसले. रस्त्यापलीकडे प्रयोगशाळेची खिडकी सताड उघडी होती.

बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. काकांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"काका, दार कोण उघडतं?"

"उघडंच असतं हो हल्ली. प्रदर्शन झाल्यापासून. मला काय, बरंच आहे." ते खाली बघत राहिले. "मला नका विचारू, बाई. माझी नोकरी आहे. आणि तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हाला तर मुळीच सांगता येणार नाही."

तुम्हाला तर मुळीच. बाईंनी चहाचे पैसे ठेवले आणि त्या बराच वेळ उठल्या नाहीत. गुडघा दुखत होता असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्यांनी मनाशी सगळं पुन्हा लावून बघितलं. रोज संध्याकाळी दादा चिमणीचं झाकण स्पिरिटनं धुतो, म्हणून त्याच्या हातून चमक टिकते. म्हणजे झाकण रोज संध्याकाळी स्वच्छ होतं. तरी दुसऱ्या सकाळी चिमणीच्या पहिल्याच प्रयोगात गळती सगळ्यात जास्त. चुकून लागलेला डाग धुतला की जातो. हा डाग गेला तरी रोज परत येत होता. म्हणजे तो लागत नव्हता, कोणीतरी लावत होतं. तेही दादा गेल्यानंतर आणि चिमणी येण्याआधी.

दादानं आपली स्पिरिटची सवय आपणहून सांगितली होती. अपराधी माणूस आपल्या निर्दोष हाताचं रहस्य असं उघडं करत नाही; उलट माझा हातच चांगला, म्हणून मिरवतो. काका सकाळी आत नसतातच. मग उरतं कोण?

उरत होता तो माणूस गेली कित्येक वर्षं काचेला हातसुद्धा लावत नव्हता, नुसत्या सह्या करत होता. मग त्याचा रुमाल पिवळा का होत होता?

पोलिसात असताना बाईंनी पुष्कळ घरांत वाईट बातम्या पोचवल्या होत्या. या वेळी घर आपलं होतं. त्यांना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही त्यांनी रात्री भावाशेजारी जेवताना गिळून टाकलं. सरांनी त्यांच्या ताटात आवर्जून गरम पोळी वाढली. "कोणावर संशय, ताई? दादावर ना?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. "समितीच्या आधी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलव."

५

शुक्रवारी सकाळी सगळे मोजणीच्या टेबलाभोवती उभे राहिले. चिमणी, दादा, काका आणि सर. बाई एकट्या खुर्चीवर बसल्या. टेबलावर त्यांनी कोमट साबणाच्या पाण्याचं एक भांडं ठेवलं होतं.

त्यांनी चिमणीला नेहमीसारखा प्रयोग करायला सांगितला. लाल ठिपक्याचं झाकण, ताजे बुडबुडे, थोडं आम्ल. बघता बघता हिरवी चमक मावळली. मग बाईंनी दादाला तेच झाकण सगळ्यांसमोर स्पिरिटनं धुवायला लावलं. चिमणीनं सरांकडे घाबरून बघितलं. पुन्हा तेच बुडबुडे, तेच आम्ल. चमक टिकली. चिमणीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"आता पेटीतलं झाकण," बाई म्हणाल्या. "किल्ली दे, छोट्या."

"ताई, ती आठवण आहे. ते वापरायचं नाही."

"हिला वापरायला दिलं होतंस. किल्ली दे."

काचेच्या पेटीतून काळं झाकण आलं. जुनं, पण अजून लवचीक. चिमणीनं ते बसवलं. चमक मावळली. प्रदर्शनाच्या दिवशी मावळली होती, अगदी तशी.

सगळ्यात आधी दादाला कळलं. त्यानं जवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. "सर, तुम्ही तरुणपणी पेटीतल्या त्या भांड्यात पिवळी वापरायचात," तो हळूच म्हणाला. "आणि पाण्यानं धुवायचात."

मग बाईंनी त्यांच्या साध्या भाषेत सांगितलं. प्रदर्शनाच्या दिवशी कोणीच गुन्हा केला नव्हता. सरांनी मनापासून आशीर्वाद दिला. पण त्या झाकणाच्या रबरात जुनी पिवळी दडून बसली होती, पेटीत ठेवलं तेव्हापासून. ती चिमणीच्या बुडबुड्यांत उतरली आणि प्रोटॉन आत नेऊन सोडायला लागली. बाकीच्यांना दिसलं, की पोरगी खोटी. एकाच माणसाला दिसलं, की पोरगी खरी आहे आणि आपण चुकलो. ज्या गळतीवर त्याचं नाव झालं, ती पडद्याची नव्हतीच. झाकणाची होती.

"तिथे थांबला असतास तर ती नुसती चूक होती," बाई भावाकडे न बघता म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवशी तू लवकर उठलास. झाकणानं तुझ्या बाबतीत जे नकळत केलं होतं, ते तू हिच्या बाबतीत जाणूनबुजून करायला लागलास, हिच्या झाकणाला पिवळी लावून. रोज सकाळी."

सर म्हणाले की हा सगळा तर्क आहे, आणि पिवळीची बाटली दादाच्या कपाटात असते.

बाईंनी पिशवीतून एक रुमाल काढला. काल संध्याकाळी धुवायला टाकलेला, भावजयीकडून मागून घेतलेला. कोपऱ्यात तिनंच भरलेली छोटी वेलबुट्टी. वरवर पांढराच होता, जरासा मळका. बाईंनी तो साबणाच्या पाण्यात सोडला. पिवळा रंग वेलबुट्टीभोवती उमटला आणि हळूहळू पाण्यात पसरला.

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सरांनी रुमालाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"तू मला घरी विचारायला हवं होतंस, ताई."

"घरी विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास," बाई म्हणाल्या. "आणि मी ते खरं मानलं असतं. मग या पोरीचं काय झालं असतं?"

सरांनी खुर्ची शोधली, पण बसले नाहीत. त्यांना एवढंच हवं होतं, ते म्हणाले, की निवृत्त होईपर्यंत तो शोध टिकावा. एकच वर्ष राहिलं होतं. नंतर चिमणीनं तो खुशाल मोडावा. तिचं आयुष्य मोडेल, हे त्यांनी मनात येऊ दिलं नव्हतं. हे सांगताना त्यांना चिमणीकडे बघता आलं नाही, आणि बाईंना वाटलं, तेवढं तरी त्यानं बघायला हवं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हा सरांनी मान वर केली आणि चिमणीकडे बघितलं.

चिमणी रडत नव्हती. तिनं भांड्यावरचं काळं झाकण काढलं, सरांचं, आणि विचारलं, "सर, हे धुऊ?"

तिच्या बारीक आवाजात कुठेही टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. ते झाकण शेवटी त्यांचंच होतं, आणि एवढी वर्षं कोणी धुतलं नव्हतं.

"धू," सर म्हणाले. "स्पिरिटनं धू."

तिनं ते पुन्हा पुन्हा धुतलं, पुसलं, बसवलं. बुडबुडे घातले, आम्ल घातलं. समितीचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता, त्याला काकांनी हातानंच थांबवलं. सगळे त्या छोट्या भांड्याकडे बघत राहिले. चमक मावळेल म्हणून सर वाट बघत होते. तरुणपणी याच झाकणाखाली ती नेहमी मावळली होती.

ती मावळली नाही.

सर दाराकडे वळले. समितीसमोर मी बोलेन, आधी मीच बोलेन, एवढं ते म्हणाले. बाईंनी गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं उठत त्यांचा दंड धरला, लहानपणी शाळेत पोचवायला जाताना धरायच्या तसा, आणि दोघं सोबत गेले.